सातवी बाजू

आमच्या मोठ्या काकांना सगळी गल्ली गुण्या म्हणायची. गुण्या म्हणजे कंपासपेटीत असतो तो काटकोनाचा तुकडा. मुलांचा प्लॅस्टिकचा असतो आणि लवकर मोडतो. सुताराचा लोखंडी असतो आणि तो घरच्यांना मोडतो, असं काकू म्हणायची. काकांना हे नाव मागून ठेवलेलं माहीत होतं. त्यांना ते आवडायचं. समोर मात्र कुणी म्हणत नसे, कारण समोर म्हटलं की काका त्या माणसाच्या घराच्या कोपऱ्यांबद्दल बोलायला लागत.

खाली दुकान, वर घर. दुकानात काका लाकूड कापायचे आणि जोडायचे. बाबा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, घासायचे, पॉलिश करायचे आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे. ही वाटणी कुणी केली नव्हती. काकांना गिऱ्हाइकांशी बोलू दिलं की गिऱ्हाईक जातं, एवढाच त्यामागचा विचार होता.

काकांचा चौकोनावर अजिबात विश्वास नव्हता. चारी बाजू सारख्या दिसल्या की लोक खूश होतात आणि फसतात, असं त्यांचं मत. मी चौथीत असताना त्यांनी चार सारख्या पट्ट्या घेतल्या, चार कोपऱ्यांत एकेक खिळा मारला आणि चौकट माझ्या हातात दिली. "हा काय आहे?"

"चौरस."

त्यांनी चौकटीचा एक कोपरा अंगठ्याने हळूच ढकलला. चौकट एका अंगावर कलली. "आता?"

"पडलेला चौरस."

"बाजू बदलल्या का? नाही. तरी चौरस गेला. म्हणून कर्ण मोजायचे. समोरासमोरचे कोपरे. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच चौरस म्हणायचं, तोवर नुसता संशयित." मग त्यांनी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी पट्टी ठोकली आणि चौकट मला परत दिली. मी ढकलली, दाबली, शेवटी तिच्यावर उभी राहिले. ढिम्म हलली नाही. "आता त्यात त्रिकोण आले," काका म्हणाले. "त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोन ठरले. त्याला ढकलून काही होत नाही."

परीक्षेत 'चौरस म्हणजे काय' असा प्रश्न आला. मी बाजू लिहिल्या, कर्ण लिहिले आणि शेवटी लिहिलं, 'तोवर नुसता संशयित'. बाईंनी अर्धा मार्क कापला. काकांना सांगितलं तर म्हणाले, बाईंच्या घरचे दरवाजे बघायला हवेत.

त्रिकोणावरच्या या प्रेमापायी आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तिरका आधार होता. खुर्चीला, पलंगाला, कपडे वाळत घालायच्या घोडीला, मांजराच्या पेटीला. घरातली एकही वस्तू डुगडुगत नसे आणि घरातल्या एकाही माणसाचे गुडघे धड नव्हते. आलेले पाहुणे पहिल्या दिवशी लंगडायचे. दुसऱ्या दिवशी निघायचे.

आता जेवणाच्या टेबलाबद्दल. ते आजोबांनी केलेलं होतं, आयताकृती. आयताला दोन लांब बाजू असतात आणि दोन आखूड, आणि सगळी भांडणं आखूड बाजूंवरून होतात. आमच्या टेबलाची एक आखूड बाजू भिंतीला टेकलेली होती. दुसरीकडे आजोबांची हातांची खुर्ची. लांब बाजूंना तीन-तीन जण: इकडे काका, काकू आणि माझा चुलत भाऊ; तिकडे बाबा, आई आणि मी. आजोबा ताटावर बसले की जेवण सुरू, उठले की संपलं.

आणि आत्या. आत्या काका आणि बाबांची मोठी बहीण. तिघांत थोरली. तिचे यजमान गेल्यावर ती परत माहेरी आली होती. जवळच्या दवाखान्यात चादरी, पडदे, उशांचे अभ्रे शिवायची. गळ्यात कायम टेप. आजोबांचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं. जेवायच्या वेळी ती वाढायची. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभी राहून जेवायची. विचारलं तर म्हणायची, "मला उभ्यानं बरं पडतं, दिवसभर मशीनवर बसलेली असते." हे इतकं पटण्यासारखं होतं की कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आजोबा गेले. खुर्ची रिकामी राहिली. सुरुवातीला आदरापोटी कुणी बसेना. "दादा, तू बस." "नको, तूच बस." असं काही दिवस चाललं आणि दोघांनाही आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे पटलं. मग एकदा बाबांच्या जागेवर एक गिऱ्हाईक जेवायला बसलं आणि बाबा सहज जाऊन आजोबांच्या खुर्चीत बसले. गिऱ्हाईक गेलं. बाबा तिथेच राहिले.

"ती खुर्ची," दुसऱ्या दिवशी काका म्हणाले.

"तिचं काय?"

"थोरल्याची असते."

"गिऱ्हाइकं मी आणतो, दादा. मी आणली नाहीत तर तू कापणार काय?"

"थोरला मी आहे," काका म्हणाले. आत्या तेव्हा दोघांच्या मधे उभी राहून भात वाढत होती. तिने काकांना वाढला, मग बाबांना वाढला.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोनदा जेवणं व्हायला लागली. आधी काकांचं कुटुंब, मग आमचं. दोन्ही वेळा आखूड बाजू रिकामी, कारण दोघांनाही ती हवी होती आणि दोघांनाही ती हवी आहे असं दिसायला नको होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आई आणि काकू यांचं छान चाललं होतं. त्या दुपारी एकत्र बसून दोन्ही नवऱ्यांबद्दल बोलायच्या. आत्या दोन्ही पाळ्यांना वाढायची, त्यामुळे तिला ओट्यापाशी यायला आता दुप्पट वेळ लागायचा.

शेवटी काकांनाच राहवेना. दुकानात करवत थांबवून ते भिंतीकडे बघत म्हणाले, "टेबलाचीच चूक आहे."

भिंतीआडून बाबा म्हणाले, "टेबल अप्पांनी केलंय."

"अप्पांची चूक म्हणत नाही मी. आयताची चूक. आखूड बाजू असते म्हणून तिच्यावर बसायचा मोह होतो. सगळ्या बाजू सारख्या केल्या तर?"

"गोल कर मग."

"गोलाला बाजूच नसते. बाजू नसली की आपलं कुठवर आणि शेजारच्याचं कुठून? त्याचं कोपर आपल्या ताटात." काकांनी कानामागची पेन्सिल काढली. "सहा करतो. आपण सहा जण."

षटकोन करताना मी काकांना जितकं आनंदात पाहिलं तितकं त्यांच्या मुलाच्या निकालाला पण पाहिलं नाही. सहा बाजूंची गंमत अशी की काहीच करावं लागत नाही. वर्तुळ काढायचं आणि कंपास तसाच ठेवून, त्याच मापाने, वर्तुळावर पावलं टाकत जायचं. सहाव्या पावलाला टोक बरोब्बर निघालं तिथे पोचतं. केसाचाही फरक नाही. काकांनी मला आणि चुलत भावाला बोलावून हे तीनदा करून दाखवलं. चौथ्यांदा बाबांना बोलावलं. बाबा आले, बघितलं, म्हणाले, "भारी आहे." आजोबा गेल्यानंतर त्यांनी काकांना म्हटलेला तो पहिला चांगला शब्द.

प्रत्येक बाजू पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे एक माणूस ऐसपैस. प्रत्येक कोन एकशेवीस अंश. प्रत्येक कोपऱ्याखाली एक पाय, बाहेर तिरका काढलेला, म्हणजे कुणी कुणाच्या हद्दीत सरकू नये. आजोबांचं टेबल खाली दुकानात गेलं आणि षटकोन वर आला. त्या रविवारी दुपारी आम्ही सहाही जण एकदम बसलो. कुणीच टोकाला नव्हतं. बाबा म्हणाले, "दादा, मीठ दे." काकांनी मीठ दिलं. काकूने पदराने डोळे टिपले. खरं सांगायचं तर मलाही भरून आलं होतं.

आत्या पातेलं घेऊन आली. आयताकृती टेबलाला वाढायला आजोबांच्या खुर्चीची मोकळी जागा होती. तिथे उभं राहिलं की सगळ्यांपर्यंत हात पोचायचा. आता ती दोन खुर्च्यांमधून वाकायला गेली तर मधे टेबलाचा पाय. दुसरीकडून गेली, तिथेही पाय. ती पातेलं घेऊन टेबलाभोवती एक पूर्ण चक्कर फिरली आणि निघाली तिथे परत येऊन थांबली.

"छान झालंय," ती म्हणाली. मग पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवून म्हणाली, "घ्या आता हातानं. मी एक खोली बघितलीय दवाखान्याजवळ. एक तारखेपासून तिकडे राहते."

"अगं, का पण?" आई म्हणाली.

"कामाला जवळ पडेल."

दवाखाना आमच्या घरापासून कोपऱ्यावर होता. आईने आग्रह केला, काकूने केला, बाबा 'असं कसं, ताई' एवढं म्हणून ताटात बघायला लागले. आत्या रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत घालता आली असती. काका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग त्यांनी मान वर केली आणि माणसं मोजली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कोपरे मोजत फिरलेला माणूस. त्याने आपल्याच घरातली माणसं मोजायला पहिल्यांदाच बोट वर केलं असावं. भात तसाच टाकून ते खाली गेले.

काकांना ताई जायला नको होती. पण 'जाऊ नकोस' हे वाक्य त्यांना उच्चारता येत नव्हतं. तसली वाक्यं बाबांच्या खात्यात होती. म्हणून त्यांनी सात बाजूंचं टेबल करायला घेतलं.

काकू म्हणाली, "आठ करा की. सोपं पडेल ना?" आठ खरंच सोपं. चौरसाचे चार कोपरे मापात कापले की झाले आठ. पण काका म्हणाले, "आठवी बाजू रिकामी राहील. परत तिच्यावरून आम्ही भांडू." हे मात्र त्यांना स्वतःबद्दल नेमकं माहीत होतं.

आणि सातावर घोडं अडलं. वर्तुळाचे तीनशेसाठ अंश. त्याला सातने भागायला काकांनी एक फळी घेतली. एक्कावन्न पूर्णांक आणि पुढे चार, दोन, आठ, पाच, सात, एक. पुन्हा चार, दोन, आठ. फळीची एक बाजू संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे असंच फिरत राहणार आहे. तरी त्यांनी फळी उलटी करून बघितली. कागदावर घड्या घातल्या, दोऱ्याला गाठी मारल्या, पुठ्ठ्याचे तुकडे कापले. दुकानभर सात बाजूंचे पुठ्ठे पडले होते आणि एकाचेही सातही कोपरे काकांना मान्य नव्हते. खोलीचं सामान म्हणून आत्याची एक ट्रंक दाराशी येऊन बसली. ट्रंकेचे कर्ण काकांनी मोजले नाहीत, इतके ते काळजीत होते.

तेव्हा शाळेतले गणिताचे सर फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास दुरुस्त करायला घेऊन आले. पुठ्ठ्यांचा ढीग बघून म्हणाले, "सप्तकोन? कंपास आणि पट्टीने तो होत नाही."

"मला अजून जमलेला नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला म्हणत नाही मी. कुणालाच जमत नाही. सिद्ध झालंय तसं."

"सिद्ध करणाऱ्यानं टेबलं किती केली होती?"

"टेबलं नसतील केली. पण काका, गणित त्याचं बरोबर आहे."

काकांनी त्यातल्या त्यात बरा पुठ्ठा सरांपुढे सरकवला. सर काही हटले नाहीत. कंपासाचा स्क्रू बदलून होईपर्यंत काकांना पटलं की हा माणूस खरं बोलतोय, आणि ते स्टुलावर मटकन बसले. सगळं सांगितलं सरांना: आखूड बाजू, सहा पाय, पातेलं, खोली. बाबा पॉलिशचा बोळा हातात धरून दारातून ऐकत होते. माणसांबद्दल एवढं बोलताना त्यांनी भावाला कधी ऐकलं नव्हतं.

"जवळजवळ होतो," सर म्हणाले. "वर्तुळात समभुज त्रिकोण काढा. त्याच्या एका बाजूचं निम्मं माप कंपासात धरा आणि वर्तुळावर चालत जा. सहा बाजू सारख्या येतील. सातवी उरेल, ती थोडी मोठी निघेल."

"किती?"

सरांनी हिशोब केला. "तुमच्या टेबलाला नऊ मिलिमीटर. वाटून टाका ते सातांत. प्रत्येकाला मिलिमीटरभर येईल, कुणाला कळणारसुद्धा नाही. कंपास किंचित उघडायचा, बस. तुम्ही तर रोज करत असाल तसं."

काका रोज तसंच करायचे. कुठेही काही उरलं की चार बाजूंना वाटायचं, ही सुतारकामातली पहिली शिकवण. ते नुसतं "हं" म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेबल वर आलं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, कारण सात बाजूंचं टेबल कुठल्या बाजूने फिरवायचं यावर दोन्ही भावांचं एकमत होईना. पण आलं. कोपऱ्यांना पाय नव्हते. खाली मधोमध एकच तिवई होती, तीन पायांची, कारण तीन पाय कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाहीत. तिवईला तिरके आधार होते. आमच्या गुडघ्यांनी ते लगेच ओळखले. भोवती सात खुर्च्या.

आत्याला काकूने हाताला धरून आणलं. ती पातेलं सोडायला तयार नव्हती. "खोलीचं ठरलंय माझं," ती म्हणाली. "कशाला केलंस रे एवढं?"

काका उत्तर देणार तेवढ्यात बाबांनी कडेवरून तळहात फिरवला. पॉलिश करणाऱ्याचा हात. त्यांनी हे टेबल घासताना काही बोलून दाखवलं नव्हतं, पण आता कंबरेचा टेप काढला. एक बाजू मोजली. दुसरी मोजली. तिसरी, चौथी. खिडकीकडच्या बाजूशी आले आणि थांबले.

"ही मोठी आहे," बाबा म्हणाले.

"आहे," काका म्हणाले.

"नऊ मिलिमीटर मोठी आहे. वाटून टाकायला सांगितलं होतं सरांनी, मी ऐकत होतो. तू वाटलं नाहीस." बाबांचा आवाज चढला. "म्हणजे शेवटी मानाची जागा केलीसच."

"केली."

"कुणाची?"

"थोरल्याची."

"म्हणजे तुझी!"

"मी थोरला नाही," काका म्हणाले.

बाबांनी काकांकडे बघितलं आणि मग आत्याकडे. वर्षभर दोघं भाऊ ज्या खुर्चीसाठी भांडले होते, ती खुर्ची दोघांपैकी कुणाचीच नव्हती, आणि जिची होती ती दोघांना वाढत होती. हे कळायला टेप लागला. मला त्या दोघांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

"वाटून टाकलं असतं तर कुणालाच मिळालं नसतं," काका टेबलाकडे बघत म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. बोलायला त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या कानांवर दिसत होतं. लालभडक झाले होते. "ताई, मी सहाच मोजले. चुकलं माझं. जाऊ नकोस तू."

"माझंही चुकलं," बाबा म्हणाले. "जाऊ नको, ताई."

आत्याने पातेलं काकूच्या हातात दिलं. खिडकीकडच्या बाजूपाशी गेली, गळ्यातला टेप काढला आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लावला. सुताराच्या टेपवर शिंपिणीचा विश्वास नसतो. मग शेजारची बाजू मोजली आणि वजाबाकी केली.

"नऊच," ती म्हणाली. खुर्ची ओढली आणि बसली.

आईने हळूच विचारलं, "आणि ताई, ती खोली?"

"कुठली खोली?" आत्या म्हणाली. ताट तिने स्वतःसमोर सरळ केलं. "भूक लागलीय. वाढा मला कुणीतरी."

काका आणि बाबा एकदम उठले. पातेलं दोघांनी एकदमच धरलं, आणि आधी कुणी वाढायचं यावरून त्यांची तिथल्या तिथे जुंपली. "दादा, तू बस." "नाही, तू बस." भात टेबलावर सांडला, तिच्या मांडीवर सांडला. आत्या उठली नाही.